ऑनलाइन अभ्यासगटासाठी टेलिग्राम की व्हॉट्सॲप: सोलापूरच्या स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी परीक्षण

निर्णय आधीच सांगून टाकतो. राज्यसेवा, संयुक्त किंवा सरळसेवेचा अभ्यास करणाऱ्या पंचवीस-तीस जणांना एकमेकांच्या आधाराने पुढे जायचं असेल, तर गट टेलिग्रामवर काढावा, त्यात ‘टॉपिक्स’ (एकाच गटातले वेगवेगळे कप्पे) चालू करावेत आणि व्हॉट्सॲप फक्त निरोपापुरतं ठेवावं. डिस्कॉर्ड इंजिनिअरिंगच्या मुलांना जास्त सोयीचं. गूगल क्लासरूम शिकवणाऱ्या सरांसाठी चांगलं आहे, पण बरोबरीच्या मित्रांच्या गटाला ते जमत नाही, कारण तिथे सगळं शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातं आणि विद्यार्थ्यांची आपसात चर्चा कोपऱ्यात पडते. चारही फुकट वापरता येतात. टेलिग्रामचं प्रीमियम घ्यायची अजिबात गरज नाही.

हे ठरवताना कसोटी एकच लावली आहे. करमाळ्याच्या एका मुलीने रात्री साडेदहाला शंका टाकली, तर दुसऱ्या दिवशी तिला नीट उत्तर मिळतं का? आणि तीच शंका तीन महिन्यांनी अक्कलकोटच्या मुलाला आली, तर ते उत्तर त्याला सापडतं का? बाकीच्या सगळ्या सोयी या दोन प्रश्नांच्या मागे.

सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके. सगळ्यांनाच पुण्यात खोली घेऊन राहणं परवडत नाही, आणि रोज शहरातल्या अभ्यासिकेत येणंही प्रत्येकाला शक्य नसतं. गावात एकट्याने अभ्यास करणाऱ्याला पुस्तकं मिळतात, व्हिडिओ मिळतात, टेस्ट सिरीजही मिळते. मिळत नाही ते ‘हे मला कळलं नाही’ असं म्हणायला माणूस. ऑनलाइन गटाने ती जागा भरली पाहिजे. पण बहुतेक गट पीडीएफचं गोदाम होऊन बसतात.

व्हॉट्सॲप कुठे कमी पडतं

व्हॉट्सॲपचा मोठा गुण म्हणजे ते सगळ्यांकडे आहे आणि सगळे ते उघडतात. गटात 1024 जण मावतात, 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे गटातल्यांशिवाय कोणाला, अगदी कंपनीलाही, ते वाचता येत नाही. अभ्यासासाठी मात्र त्याची बांधणीच अडचणीची आहे. साध्या गटात इतिहास, अर्थशास्त्र, चालू घडामोडी आणि ‘उद्या हॉल तिकीट काढा रे’ हे सगळं एकाच धारेत वाहतं. दुपारी टाकलेली शंका संध्याकाळपर्यंत चाळीस मेसेजखाली गाडली जाते आणि विचारणाऱ्याला वाटतं, आपल्याला कोणी मोजत नाही. दोनदा असं झालं की तो विचारणंच बंद करतो. गट सोडत नाही, फक्त गप्प होतो. गट मरतात ते असे, आणि ॲडमिनला ते कळतही नाही, कारण सदस्यसंख्या तेवढीच दिसत राहते.

दुसरी अडचण नंबरची. साध्या व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाला दिसतो. अनोळखी शंभर जणांत आपला नंबर जाऊ नये म्हणून कित्येक मुली गटातच येत नाहीत, आल्या तरी बोलत नाहीत. त्यांना आधार देणारा गट करायचा असेल तर हा मुद्दा बारीकसारीक म्हणून सोडता येणार नाही. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या (अनेक गट एकत्र जोडायच्या सोयीच्या) घोषणा गटात नंबर इतर सदस्यांपासून झाकलेला राहतो, पण तिथे मोकळी चर्चा होत नाही, नवा मेसेज फक्त ॲडमिन टाकतो.

पाठवलेला मेसेज दुरुस्त करायला व्हॉट्सॲप 15 मिनिटं देतं. उत्तरातली चूक दुसऱ्या दिवशी लक्षात आली तर ती तशीच राहते आणि फॉरवर्ड होत होत भलतीकडे पोहोचते. टेलिग्राम 48 तास देतं. अभ्यासगटात हा फरक फार मोठा आहे.

टेलिग्रामची मांडणी, पायरीपायरीने

नवीन गट काढा. नाव साधं ठेवा. परीक्षा आणि वर्ष एवढं पुरे. गटाच्या संपादन पानावर ‘टॉपिक्स’ चालू करा. आता एका गटात वेगवेगळे कप्पे करता येतात. सुरुवातीला पाचच करा: ‘सूचना’, ‘शंका’, ‘पक्की उत्तरं’, ‘रोजचे प्रश्न’ आणि ‘मोकळं बोला’. विषयवार पंधरा कप्पे करण्याचा मोह होतो, तो टाळा. रिकामा कप्पा पाहून नवा माणूस समजतो की गटात कोणी नाही. एखाद्या विषयाची गर्दी खरोखर वाढली की मगच त्याला वेगळा कप्पा द्या. नवीन टॉपिक काढायचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर आठवडाभरात ‘भूगोल’, ‘भुगोल’ आणि ‘जिओग्राफी’ असे तीन कप्पे दिसतील.

‘सूचना’ हा कप्पा बंद करून ठेवा, म्हणजे तिथे ॲडमिनच लिहू शकेल. ‘मोकळं बोला’ प्रत्येकाला स्वतःपुरता म्यूट करता येतो, हे पिन केलेल्या मेसेजमध्ये सांगून ठेवा. बरेच जण सगळा गटच म्यूट करतात आणि मग शंकांपर्यंतही पोहोचत नाहीत.

नव्या सदस्याला जुनं संभाषण दिसावं म्हणून ‘चॅट हिस्टरी’ दृश्य करा. हे विसरलात तर टेलिग्राम घेण्याचा अर्धा फायदा गेला. आमंत्रणाच्या लिंकमध्ये ‘ॲडमिनची मंजुरी’ चालू ठेवा. लिंकचा क्यूआर कोड छापून अभ्यासिकेच्या फळ्यावर लावायचा असेल तर मंजुरी हवीच, नाहीतर गुंतवणूक दुप्पट करून देणारे आणि घरबसल्या नोकरीवाले गटात घुसायला वेळ लागत नाही.

क्यूआरची सवय आपल्या जिल्ह्याला नवी नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. त्या क्यूआरमागची गोष्ट गटांनी उचलण्यासारखी आहे: मूल जिथे अडतं त्याच पानावर मदत ठेवायची. ‘पक्की उत्तरं’ या कप्प्यातल्या प्रत्येक मेसेजची स्वतंत्र लिंक टेलिग्राममध्ये कॉपी करता येते. तीच शंका पुन्हा आली की ‘वर बघ ना’ असं न म्हणता ती लिंक द्यावी. ‘वर बघ’ या दोन शब्दांनी नवखा माणूस जितका दुखावतो तितका चुकीच्या उत्तरानेही दुखावत नाही.

गटात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करायला सांगा. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’त जाऊन फोन नंबर ‘कोणालाही नाही’ वर ठेवणं, ‘गट आणि चॅनेल’मध्ये आपल्याला कोणीही जोडू नये म्हणून ‘माझे कॉन्टॅक्ट’ निवडणं, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिनच्या कोडशिवाय आणखी एक पासवर्ड) लावणं. लॉगिनचा कोड मागणारा माणूस गटाचा ॲडमिन असल्याचं सांगत असला तरी कोड द्यायचा नाही. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: टेलिग्रामची गटातली संभाषणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. आधार कार्ड, हॉल तिकीट, बँकेचा तपशील तिथे टाकू नये.

मोबाइलची जागा भरते ही तक्रार नेहमी येते. टेलिग्रामवर फाइल सर्व्हरवर राहते, त्यामुळे ‘डेटा आणि स्टोरेज’मध्ये आपोआप डाउनलोड बंद करा आणि साठवण एका आठवड्यावर ठेवा. फाइल पुन्हा हवी तेव्हा पुन्हा उतरते.

शंका कशी विचारायची, उत्तर कसं द्यायचं

गटाचं खरं काम इथे आहे. ‘आणीबाणी कोणी समजावून सांगेल का?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, कारण उत्तर द्यायला बसणाऱ्याला एक तास लागेल. तोच प्रश्न असा आला तर दहा मिनिटांत उत्तर येतं: ‘कलम 352 च्या घोषणेला संसदेची मंजुरी एका महिन्यात लागते असं पुस्तकात आहे. माझ्या जुन्या नोट्समध्ये दोन महिने लिहिलंय. बरोबर कोणतं? आणि 356 ला किती?’ यात काय वाचलं, कुठे अडलं आणि नेमकं काय हवं, हे तिन्ही आहे. नमुना म्हणून अशी एक शंका पिन करून ठेवा. नियमांची लांब यादी कोणी वाचत नाही.

उत्तरही तसंच हवं. ‘एक महिना’ एवढं लिहिलं तर शंका मिटते, गोंधळ मिटत नाही. ‘मूळ तरतूद दोन महिन्यांची होती. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने 352 साठी ती एक महिना झाली. 356 आणि 360 साठी आजही दोन महिने आहेत’ असं उत्तर दिलं की जुन्या नोट्स का चुकल्या तेही कळतं. मग ॲडमिनने हे उत्तर ‘पक्की उत्तरं’मध्ये पुन्हा टाकावं, खाली पुस्तकाचं नाव आणि पान लिहावं. संदर्भ नसलेलं उत्तर तिथे जाऊ देऊ नये, मग ते गटातल्या सगळ्यात हुशार मुलाचं का असेना.

शोधायला सोपं जावं म्हणून प्रत्येक पक्क्या उत्तरावर एक ठरलेला हॅशटॅग द्या. मराठीत हे फार गरजेचं आहे. ‘घटनादुरुस्ती’ शोधलं तर ‘घटनादुरुस्त्या’ किंवा ‘दुरुस्तीनुसार’ असं लिहिलेला मेसेज हाती लागत नाही. शब्दाचं रूप बदललं की शोध फसतो. त्यातच निम्मे जण मराठी रोमन लिपीत टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. विषयांच्या दहा-बारा हॅशटॅगची यादी ‘सूचना’मध्ये पिन केली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

शंकेला उत्तर मिळेल याची जबाबदारी ‘सगळ्यांची’ ठेवली तर ती कोणाचीच नसते. सात जण ठरवा, प्रत्येकाला आठवड्याचा एक वार द्या. त्या दिवशी आलेल्या शंकांची उत्तरं त्यानेच द्यायची असं नाही. एकही शंका उत्तराविना झोपी जाणार नाही एवढं बघायचं. उत्तर माहीत नसेल तर ‘बघून उद्या सांगतो’ एवढं लिहिलं तरी विचारणाऱ्याला धीर येतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आणि पंढरपूरकडच्या मुलांसाठी आषाढी हे आधीच वेळापत्रकात मोकळे सोडा किंवा वार बदलून घ्या.

सोलापूरच्या गटात भाषेचा प्रश्न येतोच. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शिवाय हिंदी-उर्दू. शंका कोणत्याही भाषेत, अगदी व्हॉइस मेसेजनेही विचारायला मुभा द्या. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं म्हणून कोणी हसलं तर ॲडमिनने त्याच मिनिटाला थांबवावं. पक्कं उत्तर मात्र लेखी आणि मराठीतच ठेवा. व्हॉइस मेसेज शोधता येत नाही, आणि मराठी माध्यम निवडलेल्यांना पेपर मराठीतच लिहायचा आहे.

रोजचे प्रश्न

टेलिग्रामच्या क्विझ पोलसाठीच काही गट तिकडे जातात, आणि ते योग्यच आहे. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बरोबर उत्तर ठरवता येत नाही आणि कोणी काय निवडलं ते सहसा नावानिशी दिसतं. टेलिग्राममध्ये पोल ‘अनामिक’ ठेवता येतो, त्यामुळे चुकायची भीती राहत नाही. उत्तर निवडल्यावर लगेच बरोबर-चूक कळतं आणि दोनशे अक्षरांपर्यंतचं स्पष्टीकरण जोडता येतं.

अडतं ते इथे: प्रश्नाला तीनशेच्या आत अक्षरं मिळतात आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त हे सगळं सुटं मोजलं जातं. ‘स्त्री’ हा शब्दच त्या हिशोबात 6 अक्षरांचा होतो. लोकसेवा आयोगाचे विधान अ, ब, क असे लांब प्रश्न त्यात मावत नाहीत. म्हणून पूर्ण प्रश्न साध्या मेसेजमध्ये टाका, त्याला रिप्लाय म्हणून पोल जोडा आणि पर्यायांत फक्त ‘केवळ अ’, ‘अ आणि क’ एवढंच ठेवा. रोज पाच प्रश्न पुरे. तीन आजच्या भागावरचे, दोन मागच्या पंधरवड्यातले. जुने दोन सोडू नका. विसरायला लागलेलं आठवून काढावं लागतं तेव्हाच ते पक्कं बसतं. पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात, म्हणून पोलमध्ये पाचवा पर्याय ‘सोडून दिला’ असा ठेवा. कोणता प्रश्न सोडायचा याचाही सराव लागतो.

परीक्षेनंतर आयोगाची पहिली उत्तरतालिका येते तेव्हा गटात वादांचा पूर येतो. त्या काळापुरता वेगळा टॉपिक काढा, गटाला स्लो मोड लावा (एका मेसेजनंतर पुढच्यासाठी ठरावीक वेळ थांबावं लागतं, तो पूर्ण गटाला लागतो) आणि एकच अट ठेवा: हरकत मांडायची तर प्रश्न क्रमांक आणि पुस्तकाच्या पानाचा फोटो सोबत. हरकत नोंदवायलाही तोच पुरावा लागतो, त्यामुळे भांडणाऐवजी काम होतं. ‘पेपर आधी मिळेल’ असे मेसेज टाकणाऱ्याला ताकीद वगैरे न देता थेट काढा आणि रिपोर्ट करा.

वर्णनात्मक मुख्य परीक्षेसाठी

राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक झाली आहे: 9 पेपर, गुणवत्तेसाठी 1750 गुण आणि मुलाखतीचे 275. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या सवयीत वाढलेल्या गटांना इथे सगळ्यात जास्त मदत लागते, कारण लिहिलेलं उत्तर स्वतःला नेहमी बरं वाटतं. दुसऱ्याचे डोळे हवेत.

चार जणांच्या तुकड्या करा. दर रविवारी प्रत्येकाने दोन उत्तरं हाताने, वेळ लावून लिहायची आणि स्कॅन करून टाकायची. टाकताना ‘फोटो’ म्हणून नको, ‘फाइल’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की टेलिग्राम तो दाबून लहान करतं आणि निळ्या पेनाचं अक्षर पुसट होतं. प्रत्येकाने पुढच्या माणसाची उत्तरं मंगळवारपर्यंत तपासायची. तपासणीत चारच गोष्टी लिहायच्या: प्रश्नात जे विचारलं (‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’) त्याला धरून उत्तर आहे का, पहिल्या दोन ओळींतच विषय पोहोचला का, एखादा आकडा, कलम किंवा समितीचं नाव चुकलंय का, आणि पुढच्या वेळी बदलायची एक गोष्ट. एकच. सात चुका एकदम दाखवल्या तर पुढच्या रविवारी उत्तरच येत नाही. ‘मस्त लिहिलंय भावा’ हीसुद्धा तपासणी नव्हे. ती टाळण्यासाठीच चार मुद्दे आहेत. तुकड्या दर महिन्याला बदला, नाहीतर सगळे एकाच पद्धतीने लिहू लागतात.

एकत्र बसून अभ्यास

गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर फुकट खात्याला 60 मिनिटं मिळतात, झूमवर 40. 50 मिनिटं अभ्यास आणि 10 मिनिटं सुट्टी हे वेळापत्रक मीटमध्ये नेमकं बसतं. डेटा वाचवायचा असेल तर टेलिग्राम गटातलं व्हॉइस चॅट वापरा. त्याला वेळेची मर्यादा नाही. सुरुवातीला प्रत्येकाने आज काय संपवणार ते एका ओळीत लिहायचं, शेवटी झालं की नाही ते लिहायचं. कॅमेऱ्याची सक्ती नको. एकाच खोलीत पूर्ण घर राहणाऱ्याला कॅमेरा लावणं शक्य नसतं.

डिस्कॉर्ड

कोडिंग शिकणाऱ्यांसाठी डिस्कॉर्ड सरस आहे. कोड त्याच्या मांडणीसकट टाकता येतो, फोरम चॅनेलमध्ये प्रत्येक शंका स्वतंत्र धाग्यात राहते, ईमेलवर खातं निघतं. पण फुकट खात्याला फाइलची मर्यादा 10 एमबी आहे. स्पर्धा परीक्षेच्या स्कॅन केलेल्या नोट्स त्यात जात नाहीत, आणि रोल-चॅनेलची गुंतागुंत नवख्या माणसाला दारातूनच परत पाठवते.

निकालाचा दिवस

‘मोकळं बोला’ हा कप्पा याच दिवसासाठी आहे. कटऑफ लागला की गटात अभिनंदनांचा पाऊस पडतो आणि दोन गुणांनी राहिलेला माणूस त्या पावसात एकटा उभा असतो. अभिनंदन ‘सूचना’मध्ये एकाच मेसेजमध्ये करा, प्रत्येकाने वेगळं नको. त्या आठवड्याच्या जबाबदार सात जणांनी गप्प झालेल्यांना वैयक्तिक मेसेज करावा. सल्ला न देता ‘जेवलास का, बोलायचंय का’ एवढंच विचारावं. कोणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं तर गटात चर्चा करत बसू नका. लगेच फोन करा, घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला कळवा आणि टेली-मानसचा 14416 हा क्रमांक द्या. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक निकालाच्या दिवशी शोधायला लागू नये, तो पहिल्या दिवसापासून पिन केलेला असावा.

कोणी टेलिग्राम घेऊ नये

पाच-सहा जणांचाच गट असेल, सगळे एकमेकांना ओळखत असतील, तर व्हॉट्सॲपच बरं. पाच जणांसाठी टॉपिक्सची यातायात कशाला? पोलीस भरतीच्या मैदानी सरावाच्या गटालाही ‘उद्या पाचला ग्राउंडवर’ एवढंच कळवायचं असतं, तिथे व्हॉट्सॲप पुरतं. लेखी 100 गुणांच्या तयारीपुरता वेगळा टेलिग्राम गट काढता येईल. आणि गटाला वेळ देणारे किमान तीन ॲडमिन नसतील तर सध्या गट काढू नका, आधीच्या एखाद्या चांगल्या गटात जा. एकट्या ॲडमिनचा गट त्याची स्वतःची परीक्षा जवळ आली की बंद पडतो. तिघांपैकी एकीकडे तरी, म्हणजे एका मुलीकडे, ॲडमिनचे पूर्ण अधिकार असावेत. त्रास देणाऱ्या मेसेजची तक्रार तिच्याकडे थेट करता येते, आणि ‘रीसेंट ॲक्शन्स’मध्ये मागच्या 48 तासांत कोणी काय पुसलं तेही तिला पाहता येतं.